इलठणपाड्याच्या पायऱ्या

(सकाळ. चढावरच्या चाळी. पायऱ्या चढणारे पाय.)

नवी मुंबईतलं दिघा. इलठणपाड्याची ही वाट. खाली नळ, वर घर, मधे ३८ पायऱ्या. पूर्वी या ताई भरलेली कळशी कमरेवर घेऊन एका दमात वर जायच्या. आता हात भिंतीला, दहाव्या पायरीला एक थांबा, बाविसाव्या पायरीला दुसरा. कळशीच्या जागी ५ लिटरचा कॅन.

(पाठीचा पट्टा बांधताना हात. एमआरआयची फिल्म उजेडात.)

ताईंना टीबी झाला तो मणक्याचा. खोकला नाही, थुंकीत काही नाही. टीबीचा जंतू रक्तातून कुठेही जाऊन बसतो: मानेच्या गाठीत, आतड्यात, मेंदूच्या आवरणात, हाडात. ताईंचे ५ महिने बाम चोळण्यात आणि दुखण्याच्या गोळ्या खाण्यात गेले. मग रात्री पाठ जास्त दुखायला लागली, संध्याकाळी कणकण, कपडे सैल झाले, तेव्हा कुठे एमआरआय. दोन मणके झिजलेले, शेजारी पू. सुईने त्यातला थोडा काढला, टीबीचा जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट मशीनमध्ये घातला. निदान दोन तासांत. ५ महिने जे कळलं नाही ते दोन तासांत!

(तळहातावर तीन गोळ्या.)

वजन ४४ किलो, म्हणून रोज ३ गोळ्या. सुरुवातीचे दोन महिने एकेका गोळीत चार औषधं, नंतर तीन. लघवी नारिंगी झाली तेव्हा ताई घाबरल्या होत्या. तो गोळीतल्या रिफॅम्पिसिन या औषधाचा रंग, त्याने अपाय नाही. फुप्फुसाचा साधा टीबी ६ महिन्यांत आटोपतो, मणक्याला वर्ष लागतं, कधी जास्तही. पोषणासाठी सरकारच्या निक्षय योजनेतून महिन्याला १,००० रुपये येतात. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ५०० होते.

(उपचार कार्ड, जवळून.)

शेवटचा शेरा: ‘उपचार पूर्ण’. फुप्फुसाच्या टीबीत शेवटी थुंकी तपासून ‘बरा झाला’ असं लिहिता येतं. मणक्यात पुन्हा सुई कोण घालणार? डोस संपले की नोंद संपते. ताई आज चालताहेत ते या गोळ्यांमुळेच. पण खाली बसता येतं का, गर्दीच्या लोकलमध्ये उभं राहता येतं का, हे विचारणारा एकही रकाना या कार्डावर नाही. तो हवा. आणि गोळ्यांसोबत फिजिओथेरपीही लिहून द्यायला हवी.

पॅकिंगचं काम सुटलं.

(स्वयंपाकघर.)

परात आता स्टुलावर. ताई उभ्यानेच भाकरी थापतात.

(भाकरीचा आवाज. निवेदन नाही.)