हंड्यात पाणी आहे का?

(दृश्य: पुण्यातला ॲनिमेशनचा वर्ग. पडदे ओढलेले. प्रोजेक्टरवर तीन सेकंदांचा एक शॉट पुन्हा पुन्हा फिरतोय.)

एक बाई. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा. विहिरीवरून घराकडे निघालीय. तीन सेकंद चालते, की पुन्हा पहिल्यापासून. जिनं हे केलंय ती मागच्या बाकावर बसलीय. आठ दिवसांत तिनं हा शॉट इतक्यांदा पाहिलाय की आता तिला त्यात काहीच दिसत नाही.

पूर्वी सर विचारायचे, "कसं वाटलं?" आणि वर्ग एकसुरात म्हणायचा, "मस्त!"

या 'मस्त'नं केलं तेवढं नुकसान ऐन रेंडरिंगमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर शेवटची चित्रं तयार करत असताना, लाइट जाऊनही होत नसेल. दोष कुणाचाच नाही. चूक दाखवली की ती 'नावं ठेवणं' होते, हे आपण घरूनच शिकून आलेलो असतो. शिवाय उद्या आपलाही शॉट लागणार असतो. तू माझं काढू नकोस, मी तुझं काढत नाही.

म्हणून सरांनी प्रश्नच बदलला. आता विचारतात, "काय दिसलं?" सगळ्यांचं सांगून होईपर्यंत शॉट करणाऱ्यानं गप्प बसायचं. 'मला असं दाखवायचं होतं' हे तर बोलायचंच नाही. थिएटरात प्रत्येकाच्या शेजारी बसून थोडंच समजावता येणार आहे?

(दृश्य: जुना सराव. टप्पे खाणारा चेंडू.)

पहिल्या आठवड्यातला हा चेंडू. कुणीतरी म्हणालं, "पाण्याखाली असल्यासारखा पडतोय." एवढंच. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे २४ चित्रं. वर पोचताना चेंडूची चित्रं जवळजवळ हवीत, जमिनीकडे येताना लांबलांब. इथे सगळी सारख्या अंतरावर होती. हे कारण सांगायला शिक्षक लागतो. पण 'पाण्याखाली' हे कुणालाही दिसतं, आणि ते एकदा कानावर पडलं की करणारा कारण शोधत बसतोच.

(दृश्य: कागद, पेन्सिल, लाइटबॉक्स.)

१९३०च्या दशकात लॉस एंजेलिसच्या डिस्ने स्टुडिओत पेन्सिलनं केलेली कच्ची हालचाल एका कोंदट खोलीत पाहिली जायची. खोलीला नाव पडलं 'स्वेटबॉक्स'. घाम उकाड्याचा किती आणि वॉल्ट डिस्ने शेजारी बसलेत म्हणून किती, कोण सांगणार! डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये मुंबईत आले, सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाला शिकवायला. पुढे भारतीय ॲनिमेशनचे जनक म्हणून ओळखले गेलेले राम मोहन त्यांच्या हाताखाली शिकले.

पण स्वेटबॉक्समध्ये शेवटी शब्द मालकाचा. मालक बोलला की हुकूम, सर बोलले की मार्क. शेजारच्याचं म्हणणं मात्र घेता येतं, सोडताही येतं. त्यामुळे मुलं ते जास्त मोकळ्या मनानं ऐकतात, असं मला तरी इथे दिसलं.

(दृश्य: पुन्हा हंडेवाली बाई.)

खिडकीजवळचा मुलगा हात वर करतो. माणदेशातला आहे. पहिलं सत्र तो जवळपास बोललाच नव्हता.

"हिच्या हंड्यात पाणी नाही."

"कशावरून?"

"असतं तर सांडलं असतं की!"

तो उठतो. मफलरची चुंबळ करून डोक्यावर ठेवतो, वर पाण्यानं भरलेलं स्टीलचं पातेलं. बाकांच्या मधून चालून दाखवतो. गुडघे किंचित वाकलेले, कंबर डावी-उजवीकडे हलतेय, आणि डोकं? दोरी ताणून धरावी तसं एका रेषेत. दोघीजणी मोबाइलवर शूट करतात. सर मान्य करतात, "मला हे कधीच दिसलं नसतं. मी आयुष्यात हंडा वाहिलेला नाही."

बाईची चाल पुस्तकाप्रमाणे बरोबरच होती. साध्या चालीत प्रत्येक पावलाला डोकं खाली-वर होतं. हंडा घेतल्यावर ते चालत नाही.

शॉट अजून कच्चा आहे. लुगड्याच्या निऱ्या नाहीत, प्रकाशयोजना नाही. म्हणून हे आत्ता बोललं गेलं, आणि शॉट करणारीनंही ऐकून घेतलं. निऱ्यांवर चार रात्री घालवल्यावर कोण ऐकतं? ती तिथेच हालचाल रेघांत दाखवणारा ग्राफ एडिटर उघडते, डोक्याची वरखाली जाणारी रेघ सपाट करते, ती हालचाल कमरेत आणि गुडघ्यांत उतरवते.

(दृश्य: पुढचा शॉट लागतो. चार पायांचं एक जनावर उंबऱ्याशी येऊन बसतं.)

आता पाळी माणदेशच्या मुलाची. तो वही काढून गप्प बसतो, नियमाप्रमाणे.

"काय दिसलं?"

हंडेवाली करणाऱ्या मुलीचा आवाज मागून येतो, "शेळी."

वर्ग फुटतो. त्यानं कुत्रा केला होता. थोड्या वेळानं तोही हसतो, आणि वहीत लिहितो: शेळी.