फेलोशिप पाच वर्षांची, प्रयोग किती वर्षांचा?

(बडोद्यात एमएस्सीच्या विद्यार्थ्यांपुढे झालेल्या व्याख्यानातला संपादित भाग)

पैशाचं आधी उरकून टाकू, मागच्या रांगेतले पालक त्यासाठीच बसलेत. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून पीएचडीसाठी जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली तर २०२३पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. दोन वर्षांनी कामाचा आढावा होतो, मग एसआरएफचे, म्हणजे वरिष्ठ फेलोशिपचे, ४२,०००. एकूण वर्षं पाच, आणि ती रुजू झाल्या दिवसापासून मोजतात. इथून बायोकेमिस्ट्री करून बंगळूर, मानेसर किंवा पुण्याला मेंदूवर काम करायला निघालेल्यांचा हिशेब इथेच चुकतो.

समजा, एखादं जनुक ठरावीक चेतापेशींमधूनच काढायचंय. त्यासाठी क्री (त्याच पेशींत जनुक कापणारं एन्झाइम बनवणारे) आणि फ्लॉक्स्ड (त्या जनुकाच्या दोन्ही बाजूंना कापायच्या खुणा असलेले) उंदरांचा संकर करतात. पहिल्या पिढीतलं एकही पिल्लू प्रयोगाला चालत नाही, कारण फ्लॉक्स्ड जनुकाची एकच प्रत आलेली असते. त्यांतली क्री असलेली निवडून पुन्हा दोन्ही प्रती फ्लॉक्स्ड असलेल्या उंदरांशी लावायची. आता चारांत एक कामाचं. सात-आठ पिल्लांच्या वेतात दोन, नरच हवे असतील तर एक. मादी तीन आठवडे गाभण. पिल्लू वयात यायला आणखी सहा ते आठ. दोन पिढ्यांना साडेपाच महिने धरा. पहिलारू मादीने पिल्लं खाल्ली, तर महिनाभर आणखी.

प्राणी नीतिसमितीच्या ‘फॉर्म बी’त, म्हणजे मंजुरीच्या अर्जात, उंदरांची संख्या लिहावी लागते. मुलं तिथे प्रयोगातले १२ लिहितात. पण १२ नर हवे असतील तर शंभराच्या आसपास पिल्लं जन्माला यावी लागतात! मग दुरुस्तीचा अर्ज, आणि पुढच्या बैठकीची वाट.

दुसरा घोळ मोजणीचा. तीन उंदरांच्या मेंदूच्या स्लाइसमधून, म्हणजे पातळ कापांमधून, प्रत्येकी दहा पेशींच्या नोंदी घेतल्या की लोक नमुन्यांची संख्या म्हणून बेधडक ‘एन ३०’ लिहितात. एकाच मेंदूतल्या दहा पेशी म्हणजे दहा स्वतंत्र पुरावे नव्हेत. औषध दिलं ते उंदराला, तर तुलना उंदरांची, एन ३. परीक्षकाने हे चौथ्या वर्षी दाखवलं तर तोवर कॉलनी, म्हणजे त्या उंदरांची पैदास, बंद झालेली असते, म्हणजे पुन्हा ते साडेपाच महिने.

म्हणून मुलाखतीत विषयाइतकंच हेही विचारा: कॉलनी आज चालू आहे, की गोठवलेल्या भ्रूणांपासून उभी करायची आहे? नीतिसमितीची मंजुरी कधीपर्यंत आहे? पॅच-क्लॅम्प (एकेका पेशीतले विद्युतसंकेत मोजायचं तंत्र) शिकवणारा पोस्टडॉक आणखी किती दिवस आहे? त्या प्रयोगशाळेतल्या आधीच्या दोन विद्यार्थ्यांचा प्रबंध कितव्या वर्षी जमा झाला? सर आणि बाई सांगतील ते ऐकाच. पण खरं उत्तर शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडून काढा, तेही कॅन्टीनमध्ये. जाता जाता त्याला विचारा, फेलोशिप महिन्याच्या महिन्याला जमा होते की चार महिन्यांची एकदम. घरमालक दर महिन्याला येतो.