मूल तक्रार करणार नाही

श्रोते हो, नमस्कार. शाळाशाळांतून मुलांचे डोळे तपासणं हे माझं काम. सांगली-मिरजेत असो, नाहीतर जत-आटपाडीकडच्या वाड्यावस्त्यांवर, आई-वडिलांकडून एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: "आमचं पोरगं कधी काही बोललं नाही हो!"

ते बोलणारच नाही. त्याला जसं अंधुक दिसतं, तसंच सगळ्यांना दिसतं असं ते धरून चालतं. त्यातून एकच डोळा अधू असेल तर दुसरा सगळं निभावून नेतो. पोर पळतं, क्रिकेट खेळतं, आजीला सुईत दोरा ओवून देतं. घरच्यांना शंका येणार कुठून? तपासताना मात्र उघडं पडतं. डावा डोळा झाकला की मूल तक्त्यावरची अक्षरं घडाघडा वाचतं. उजवा झाकला की गप्प होतं, मान तिरकी करतं आणि बोटांच्या फटीतून बघू लागतं. "चोरून बघू नकोस," असं म्हणून त्याला कुणी दटावलं की मला वाईट वाटतं. ती लबाडी नसते. झाकलेल्या डोळ्यावरच त्याची सगळी भिस्त असते.

याला आळशी डोळा म्हणतात. एका डोळ्याचा नंबर फार जास्त असला, डोळा तिरळा असला किंवा जन्मतःच मोतीबिंदू असला, की मेंदू त्या डोळ्याकडून येणारं चित्र घेणंच सोडून देतो. कारणावर उपचार करायचे, लागेल तो चष्मा द्यायचा आणि चांगला डोळा रोज काही तास पट्टीनं झाकायचा, म्हणजे अधू डोळ्याला काम करावंच लागतं. साधारण सात-आठ वर्षांच्या आत सुरुवात झाली तर गुण चांगला येतो, पुढे ते अवघड होत जातं. आणि नेमकं इथंच घोडं अडतं. "चांगला डोळा कशाला झाकायचा? तोही जाईल," म्हणत आजी पट्टी काढून टाकते. आजी, तुमची माया कळते मला. पण डॉक्टरांनी सांगितले तेवढे तास ती पट्टी राहू द्या.

तिरळ्या डोळ्याला काही घरांत अजून भाग्याचं लक्षण मानतात. सहा महिन्यांनंतरही बाळाचा डोळा वळत असेल तर दाखवायलाच हवं. बाहुलीत पांढरी झाक दिसली, कधी ती मोबाईलच्या फोटोतच आधी दिसते, तर एक दिवसही दवडू नका. मोतीबिंदू असू शकतो, डोळ्याचा कर्करोगही असू शकतो.

चष्म्याची धास्ती तर विचारू नका, त्यातही मुलीच्या चष्म्याची. "आत्तापासून लावला तर नंबर वाढेल, उद्या स्थळं कशी येणार?" चष्म्यानं नंबर वाढत नाही. वाढत्या वयात डोळ्याची लांबी वाढते, म्हणून तो वाढतो. रोज दोनेक तास उघड्यावर खेळणाऱ्या मुलांना लांबचा नंबर लागण्याचं प्रमाण कमी असतं. म्हणून पोरांना अंगणात सोडा. फळ्यावरचं न दिसणारी मुलगी शेजारणीच्या वहीतून उतरवून घेते आणि घरी आपण तिला अभ्यासात कच्ची ठरवतो. हे मला फार लागतं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याची पथकं मुलांची तपासणी करायला अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतात. पण ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं त्या दिवशी फडावर असतात. गावी परतलात की अंगणवाडी ताईंना किंवा गुरुजींना आवर्जून विचारा. आणि शाळेतून डोळे दाखवण्याची चिठ्ठी आली असेल, तर ती दप्तरात तशीच पडून राहू देऊ नका.

आज जेवणं झाली की मुलाला भिंतीवरच्या कॅलेंडरपासून लांब उभं करा. एक डोळा तळहातानं नीट झाकून आकडे वाचायला लावा, मग दुसरा. लहानग्याला चित्रं ओळखायला सांगा. दोन डोळ्यांत फरक वाटला तर सांगलीच्या किंवा मिरजेच्या सिव्हिलला नेऊन नेत्र विभागाचा केसपेपर काढा. फरक वाटला नाही, तरी शाळेत घालण्याआधी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. नमस्कार.