पुस्तकाची मळलेली कड

नमस्कार श्रोतेहो.

सांगलीच्या गावभागातल्या एका वाचनालयात मी २३ वर्षं पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं. त्या टेबलामागे बसून एक खोड लागली. परत आलेली कादंबरी मिटून आडवी धरायची आणि पानांची कड बघायची. बोटांच्या मळानं ती करडी होते. काही पुस्तकांची कड पहिल्या चाळीसेक पानांपर्यंत करडी आणि पुढे कोरी करकरीत. म्हणजे वाचकांनी तिथं हात टेकले. काहींची मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखी मळलेली, आणि ती दोन-दोनदा बाइंडिंगला जाऊन आलेली.

हा फरक कशानं पडतो? मला वाटायचं, पुढे काय होणार हे लपवून ठेवलं की माणूस खिळतो. पण आपल्या सांगलीनंच हे फार पूर्वी खोटं ठरवलंय. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयानं ‘सीता स्वयंवर’ हे नाटक उभं केलं. आता मला सांगा, धनुष्य कोण मोडणार हे ठाऊक नसलेला एक तरी माणूस त्या दिवशी समोर बसला असेल का? घरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. तरी लोक बसले, आणि त्यातूनच मराठी नाटक पुढे गेलं. तेव्हा ‘पुढे काय होणार’ हा प्रश्न तितकासा खरा नव्हे. खरा प्रश्न ‘हिचं काय होणार’ हा. एका शब्दाचा फरक आहे, पण मळ किती पानांपर्यंत जाणार ते त्यावर ठरतं.

सांगलीजवळच्या हरिपूरचे नाटककार गोविंद बल्लाळ देवल बघा. त्यांचं ‘शारदा’ १८९९ सालचं. पैशावर डोळा ठेवून बसलेला बाप कांचनभट, मध्ये जुळवाजुळव करणारा भद्रेश्वर दीक्षित आणि उतारवयात बाशिंग बांधायला निघालेला भुजंगनाथ. ही सगळी मसलत आपल्याला दिसत असते, आणि ती पोर, शारदा, आपल्या मैत्रिणींत बोलत बसलेली असते. तिला कळायच्या आधी आपल्याला कळलेलं असतं, आणि सांगता तर येत नाही! खुर्चीत अवघडून बसण्याचं कारण तेच. (जाता जाता, १९२९ चा बालविवाहाचा कायदा हरबिलास सारडांच्या नावानं ओळखला जातो, या नाटकाच्या नव्हे. पण नावं अशी जुळली की कुणाचाही घोळ व्हावा.)

सांगलीचेच कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. ‘कीचकवध’ १९०७ चं. कीचक मरणार हे महाभारतात लिहूनच ठेवलंय. पण बघणाऱ्यांना कीचकात इंग्रज व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला, सैरंध्रीत, म्हणजे अज्ञातवासातल्या द्रौपदीत, आपला देश दिसला. हिचं काय होणार, हा प्रश्न प्रत्येकाच्या स्वतःच्या घरचा झाला. सरकारलाही तो बरोबर समजला असावा, कारण १९१० साली नाटकावर बंदी आली.

आता मालिकांकडे येतो. आमची आई ८४ वर्षांची. संध्याकाळी टीव्हीपुढे बसते आणि अर्धा वेळ डुलकी काढते. कुणाची स्मृती जाते, कुणाची जुळी बहीण उगवते, कॅमेरा तीन-तीनदा एकाच चेहऱ्यावर धडकतो, ढँण ढँण वाजतं. आई ढिम्म. पण एकदा काय झालं, मालिकेतल्या सुनेनं माहेरच्या औषधपाण्यासाठी चार नोटा तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवल्या. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. इकडे सासू स्वयंपाकघरात शिरली, म्हणाली आज आमटी मी करते, आणि फळीवर हात घातला. आई ताठ उठून बसली आणि टीव्हीला म्हणाली, “अगं बाई, तो डबा नको काढूस!”

ना मारामारी, ना खून. एक डबा. डब्यात काय आहे ते सासूला ठाऊक नाही, सासू आत गेलीय हे सुनेला ठाऊक नाही, आणि दोन्ही ठाऊक असलेली आमची आई दूर सांगलीत बसलेली. लिहिणाऱ्यानं काय केलं असेल, तर आधी आठवडाभर त्या सुनेला पै-पै वाचवताना दाखवलं. नोटा कशा जमल्या ते आपण पाहिलेलं होतं, म्हणून डब्याला जीव आला. पुढच्याच आठवड्यात त्या सुनेला पळवून नेलं, गाड्यांचा पाठलाग झाला, ढँण ढँण तर विचारू नका. आई म्हणाली, “मी पडते जरा. संपलं की दिवा घालव.”

आणि कधी माणूस दुसऱ्याच कारणानं थांबतो. मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी कॉलेजातली एक मुलगी कादंबरी परत घेऊन आली. आठ दिवस उशीर. मी कड बघितली, अगदी शेवटची थोडी पानं स्वच्छ. म्हटलं, “काय गं, एवढं वाचून शेवटच सोडलास?” म्हणाली, “काका, तिचं काय होणार ते कळलंय मला. आठ दिवस उशाशी ठेवलं होतं, पण वाचायचा धीरच होईना.”

दंड मात्र मी घेतला तिच्याकडून. नमस्कार.