तीन रेघांची नदी

[दृश्य : टेबलावर शेजारी शेजारी जोडलेले दोन टोपोशीट]

हा भारतीय सर्वेक्षण विभागाचा टोपोशीट, म्हणजे जमिनीचे चढउतार दाखवणारा नकाशा, क्रमांक ५५ ओ/४. नागपूर शहराचा बहुतेक भाग याच कागदावर आहे. दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. डावी कड म्हणजे ७९ अंश पूर्व रेखांश, तो वाडीजवळून जातो. नाग नदी लाव्ह्याकडच्या टेकड्यांतून निघते, म्हणून पलीकडचा टोपोशीट ५५ के/१६ ही जोडून ठेवलाय.

[दृश्य : तपकिरी रेघांवरून सरकणारं बोट]

या तपकिरी समोच्च रेषा. एका रेघेवरची सगळी जमीन सारख्याच उंचीची. टेकडीच्या पोटात रेघ जिथे टोकदार घुसते तिथे घळ असते, आणि टोक कायम उगमाकडे. ही टोकं जोडत खाली या, म्हणजे अंबाझरी लागतो. १८७० साली बांधलेला तलाव. पुढे सीताबर्डीच्या किल्ल्याभोवती गोल वळसे, आणि त्यापुढे पारडीपर्यंत कागद जवळजवळ कोरा.

[दृश्य : झिरो माइल]

नागपूरच्या झिरो माइल स्मारकातल्या चार घोड्यांसमोर सेल्फी सगळेच काढतात. बाजूच्या १९०७ च्या सर्वेक्षणाच्या दगडाकडे कोण बघतं? त्याची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ३११ मीटर. नागचं पाणी पिवळी, कन्हान करत वैनगंगेतून गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात पोचतं. तो जलाशय काठोकाठ भरला की पातळी २४५.५ मीटर. मधे दर २० मीटरवरच्या रेघा किती? ३००, २८०, २६०. बस्स, तीन!

[दृश्य : नागकाठच्या वस्तीतल्या भिंतीवरची पाण्याची खूण]

दोन रेघांत २० मीटर, म्हणजे सहा मजली इमारत मावेल. २०२३ च्या २२ सप्टेंबरच्या रात्री काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी ओसंडला आणि नागकाठच्या वस्त्यांत घराघरांत पाणी शिरलं. कमरेएवढं पाणी या नकाशाच्या हिशेबातच नाही. दोष नकाशाचा नव्हे. तो खोरं दाखवायला काढलाय, उंबरठा नाही.

उंबरठ्यासाठी पूररेषा. त्यासाठी नदीचे आडवे छेद, म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंतचा पात्राचा आकार, जागेवर जाऊन मोजावे लागतात. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. निळीच्या आत बांधकामाला मनाई. प्लॉट घेताना सातबारा दहा वेळा बघणारे आपण, पूररेषेचा नकाशा मात्र क्वचितच मागतो.