तिसरी वायर

(दृश्य: डिसेंबरची पहाट. यावल तालुक्यातलं मुलींचं वसतिगृह. मागे सातपुड्याची काळी रेघ, पुढे केळीच्या बागा.)

खानदेश म्हटलं की बाहेरच्यांना मे महिन्यातलं पंचेचाळीस अंशांचं ऊनच आठवतं. पण इथली डिसेंबरातली पहाट ज्यानं वसतिगृहात काढली, त्याला गरम पाण्याच्या बादलीचं मोल सांगावं लागत नाही.

मीही काढली आहे. आमच्याकडे तेव्हा खोलीखोलीत हीटिंग रॉड असायचे. माझ्या रॉडचा प्लग दोन पिनांचा होता, अर्थची पिन नव्हतीच. एका सकाळी पाणी तापलं का ते बघायला स्टीलच्या बादलीला हात लावला आणि कोपरापर्यंत झिणझिणी गेली. पायात रबरी चप्पल होती म्हणून आज हे सांगतोय.

या वसतिगृहानं रॉड बंद केले. गच्चीवर आता हीट पंप बसतोय.

(दृश्य: गच्ची. पत्र्याच्या पेटीत पंखा, शेजारी पाण्याची टाकी.)

फ्रीज आतली उष्णता काढून बाहेर टाकतो. हे यंत्र बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतं. एक युनिट वीज खर्चली की साधारण तीन युनिटांइतकी उष्णता पाण्याला मिळते, आणि हवा जितकी उबदार तितकं त्याचं काम सोपं. म्हणजे खानदेशासाठी हे यंत्र चांगलंच. पण एकाच सांगाड्यात वीज आहे, पाणी आहे, आणि तेच पाणी खाली तीस मुलींच्या अंगावर पडणार आहे. गच्चीवर काही बिघडलं तर करंटला नळापर्यंत यायला वाट आहे.

म्हणून मला राग येतो तो आपल्याकडच्या एका सवयीचा. यंत्र आलं, प्लंबर आला, नळजोडणी झाली, आणि सगळ्यात शेवटी वायरमनला हाक: "भाऊ, तेवढी लाईट जोडून द्या." मग तो बिचारा गच्चीवरचा जवळचा पॉइंट शोधतो.

इथल्या वायरमनदादांनी तसं केलं नाही. ते आधी खालचा बोर्ड उघडतात.

(दृश्य: अगदी जवळून, बोर्डातला एक स्क्रू.)

हे बघा. वायरचं लाल प्लास्टिक टोकाशी तपकिरी झालंय. स्क्रू सैल होता, तिथं वर्षानुवर्षं उष्णता साठत गेली. वायर खाचेत मावेना म्हणून कुणीतरी तिच्या चार तारा छाटूनही टाकल्यात. दादा ते टोक कापतात, तारा पिळून त्यावर लग, म्हणजे धातूची टोपी, दाबून बसवतात, स्क्रू आवळतात आणि वायर ओढून बघतात.

हीट पंपासाठी बोर्डापासून स्वतंत्र लाइन. अंतर तीस मीटर. वीस अँपिअरला अडीच स्क्वेअरची (म्हणजे अडीच चौरस मिलिमीटर जाडीची) तांब्याची वायर टाकली तर वाटेतच दहा-अकरा व्होल्ट खर्ची पडतात. चार स्क्वेअर टाकली तर साडेसहाच्या आसपास. गावात संध्याकाळी व्होल्टेज आधीच पडलेलं, त्यात ही घट. कमी व्होल्टेजवर कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि तापतो. थ्री फेजचं यंत्र असेल तर एक फेज गेल्यावर काय होतं, हे विहिरीवरची मोटार जळालेल्या शेतकऱ्याला विचारा. स्क्रोल जातीच्या कॉम्प्रेसरला तर फेजचा क्रम चुकला तरी चालत नाही; तो उलटा फिरतो, खडखडतो आणि पाणी काही तापत नाही.

बोर्डात एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, आहेच. पण एमसीबी वायरला वाचवते, माणसाला नाही. सोळा अँपिअरची एमसीबी पडण्याच्या कितीतरी आधी माणूस दगावतो. माणसासाठी आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरची. फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं तेवढाच परत आला का, हे ती सतत मोजते. फरक पडला की क्षणात तोडते.

आणि मग तिसरी वायर. हिरवी. यंत्राच्या पत्र्यावर उतरलेला करंट जमिनीत नेणारी, म्हणजे अर्थची.

(दृश्य: इमारतीमागे अर्थिंगचा खड्डा.)

अर्थिंगचा खड्डा नसला की काही जण न्यूट्रललाच अर्थचा तुकडा जोडून मोकळे होतात. तपासणीचा दिवा पेटतो, सगळं ठीक दिसतं. वळवाच्या वाऱ्यात एखाद्या दिवशी खांबावरचं न्यूट्रल तुटतं, आणि यंत्राच्या अख्ख्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. याला जुगाड म्हणू नका. हा जिवाशी खेळ आहे. 'आयएस ३०४३' हे भारतीय मानक अख्खं अर्थिंगवर लिहिलेलं आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा नियम अशी कामं परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायला सांगतात.

आपली काळी जमीन पावसाळ्यात इलेक्ट्रोडला, म्हणजे खड्ड्यात पुरलेल्या धातूच्या तुकड्याला, घट्ट धरते. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, माती इलेक्ट्रोडपासून सुटते. आज चांगलं आलेलं अर्थिंगचं माप तेव्हा टिकेलच असं नाही. दादा आजचा आकडा खडूनं भिंतीवर लिहितात, खाली तारीख. "मे मध्ये परत मोजायला येतो. तोवर आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता इथं," ते वॉर्डनबाईंना सांगतात.

(दृश्य: पुन्हा गच्ची. यंत्राशेजारी हाताच्या अंतरावर आयसोलेटर, म्हणजे यंत्राची वीज पूर्ण तोडणारा स्विच.)

एक जोडणी पुन्हा तपासायची आहे. दादा आयसोलेटर बंद करतात, पण झाकणाला हात लावत नाहीत. इन्व्हर्टर प्रकारच्या हीट पंपातल्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये लाईट गेल्यावरही तीनशेच्या वर व्होल्ट काही मिनिटं राहतात. झाकणावर लिहिलेला वेळ ते थांबतात, मग मीटर लावून बघतात, मगच हात घालतात.

यंत्र सुरू. आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबलं. खट. पंखा थांबला. पुन्हा चालू.

आता दादा खाली न्हाणीघरात जातात. मीटरची एक टोचणी नळाला, दुसरी ओल्या फरशीला. बाहेर पोरी बादल्या घेऊन उभ्या.

"दादा, आलं का गरम पाणी?"

"आलंय ताई. दोन मिनिटं थांब."

काचेवर आकडा स्थिरावतो. शून्य.