ऊस, कोयता आणि हैतीची उचल

मंडळी, आज बोलायचंय हैतीबद्दल, पण सुरुवात मी उसापासून करतो, कारण इथे बसलेल्यांपैकी निम्मे तरी ऊसवाले आहेत आणि तोडलेला ऊस ठेवून चालत नाही, वजन घटतं, रस आंबतो, एकदा तोड सुरू झाली की गुऱ्हाळ रात्रंदिवस चालवावं लागतं हे मी तुम्हाला काय सांगणार. आता हेच चित्र १७८० च्या सुमाराला कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर बघा. तिथे ऊस तोडणारा, चरकात कांडी सरकवणारा, काहिलीपाशी उभा राहणारा माणूस गुलाम होता, आफ्रिकेतून जहाजात कोंबून आणलेला, नाहीतर अशाच आईच्या पोटी जन्मलेला. चरकाजवळ एक कोयता तयार ठेवलेला असायचा. रात्रपाळीला डुलकी लागून कुणाचा हात चरकात गेला तर तो तिथेच तोडायचा, म्हणजे निदान जीव तरी वाचेल. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

त्या वसाहतीचं नाव सँ-दोमँग, म्हणजे आजचं हैती. १४९२ ला कोलंबस या बेटावर आला, मूळचे टाइनो लोक रोगराईने आणि वेठबिगारीने काही दशकांतच जवळजवळ संपले, १६९७ ला बेटाचा पश्चिमेकडचा भाग फ्रान्सकडे आला. १७८९ पर्यंत तिथे जवळपास ५ लाख गुलाम आणि ४० हजारांच्या आसपास गोरे, आणि युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी साधारण ४० टक्के साखर एवढ्याशा जागेतून जायची. गुलाम इतके मरायचे की जन्मणारे पुरे पडायचे नाहीत, म्हणून दरवर्षी नवीन हजारो आणायचे.

त्याच १७८९ मध्ये फ्रान्समध्ये जाहीर झालं की माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत. मळेवाल्यांनी ते वाक्य समुद्रापलीकडे पोचू नये म्हणून जिवाचं रान केलं, पण बातमी बंदरात उतरतेच ना. ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेच्या मैदानात गुलाम उठले, बुकमन नावाचा त्यांचा एक म्होरक्या होता, आणि त्यांनी पहिलं काय केलं तर उभा ऊस पेटवला, चरक फोडले. त्यांचा राग कशावर होता ते यावरूनच कळतं.

पुढे तुसाँ लूव्हेर्त्यूर आला, स्वतः गुलामीत जन्मलेला, घोडी सांभाळणारा माणूस. त्याने फौज उभी केली. १७९४ ला फ्रान्सने गुलामी रद्द केली, मग तो फ्रान्सच्या बाजूने स्पॅनिशांशी लढला, इंग्रजांशीही लढला. पण १८०२ ला नेपोलियनने स्वतःच्या बहिणीच्या नवऱ्याला, जनरल लक्लेरला, मोठं सैन्य देऊन पाठवलं. तुसाँला बोलणीला म्हणून बोलावलं, कैद केलं, फ्रान्समधल्या डोंगरातल्या एका थंडगार किल्ल्यात टाकलं, तिथेच एप्रिल १८०३ मध्ये तो गेला. दगा दुसरं काय म्हणायचं याला. पण तेवढ्यात फ्रेंचांच्याच ताब्यातल्या ग्वादलूप बेटावर गुलामी परत आणल्याची बातमी आली आणि मग फ्रेंचांकडून लढणारे काळे अधिकारीसुद्धा फिरले, इकडे पिवळ्या तापाने फ्रेंच सैनिक पटापट मरत होते, लक्लेरही त्यातच गेला. नोव्हेंबर १८०३ ला व्हर्तिएरची लढाई तुसाँच्याच हाताखालच्या देसालिन नावाच्या सेनापतीने जिंकली आणि १ जानेवारी १८०४ ला देश स्वतंत्र झाला. नाव घेतलं हैती, टाइनो लोकांचं जुनं नाव, डोंगरांची भूमी. जे लोक संपवले गेले त्यांच्या भाषेतलं नाव त्यांनी आपल्या देशाला दिलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

शाळेत इतकं जरी शिकवलं तरी बरंच म्हणायचं, पण धडा इथे थांबतो, आणि मला खरं सांगायचंय ते पुढचंच. १८२५ ला फ्रान्सचा राजा दहावा शार्ल याने युद्धनौका पाठवल्या आणि कळवलं, १५ कोटी फ्रँक द्या मग तुम्हाला मान्यता देतो. कशाचे? तर मळेवाल्यांची मालमत्ता बुडाली त्याची भरपाई, आणि त्यांच्या लेखी ती माणसंसुद्धा मालमत्ताच होती. म्हणजे हात गमावलेल्यानेच चरकाच्या मालकाला पैसे मोजायचे. हैतीकडे पैसे नव्हते, म्हणून पहिल्याच हप्त्यासाठी पॅरिसच्याच बँकवाल्यांकडून ३ कोटींचं कर्ज काढावं लागलं, त्यातून त्यांनी आधीच ६० लाख कापून घेतले, हातात पडले २ कोटी ४० लाख, फेडायचे मात्र पूर्ण ३ कोटी आणि वर व्याज. उचल घेऊन तोडीला जाणाऱ्या माणसाला हे लगेच कळेल. १८३८ ला एकूण रक्कम ९ कोटींवर आणली, तरी शेतकऱ्याच्या कॉफीवर कर लावून लावून ती फेडत राहिले, शाळा, रस्ते, दवाखाने यांचा पैसा तिकडे गेला. एक कर्ज फेडायला दुसरं, ते फेडायला तिसरं, पुढे अमेरिकन बँक आली, आणि या सगळ्याचा शेवटचा हिशेब मिटला १९४७ ला.

हैती गरीब का असं कुणी विचारलं की लोक लगेच भूकंप सांगतात, भ्रष्टाचार सांगतात, ते आहेच, पण हे सव्वाशे वर्षांचे हप्ते कुणी मोजत नाही. २००३ मध्ये त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी, आरिस्टिड यांनी, ही रक्कम परत मागितली, फ्रान्सने दिली नाही. एप्रिल २०२५ मध्ये, १८२५ च्या त्या फर्मानाला २०० वर्षं झाली त्या दिवशी, फ्रान्सने दोन्ही देशांच्या इतिहासकारांची समिती नेमायचं जाहीर केलंय. समिती चांगलीच आहे, पण माझं मत विचाराल तर आकडे लिहिलेले आहेत, तारखा लिहिलेल्या आहेत, पैसे परत द्यायला पाहिजेत.